साडूचा धबधबा

१९६५ साली मी एकतीस वर्षांचा होतो आणि तोवर माझी खात्री पटली होती, की देवानं जगातल्या सुखाचे दोनच वाटे केले आहेत. एक बाकीच्या सगळ्यांना मिळून आणि एक माझ्या साडूला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. आम्ही दोघं जबलपूरच्या एकाच फॅक्टरीत, एकाच शॉपमध्ये फिटर. तोफांचे गाडे बनत आमच्याकडे. त्याचा वाईस, म्हणजे लोखंड पकडायचा शिकंजा, माझ्या वाईसला लागून आणि त्याचं क्वार्टर माझ्या क्वार्टरच्या मागे, म्हणजे त्याचं हसणं दिवसभर शॉपमध्ये ऐकायचं आणि संध्याकाळी पुन्हा घरी बसून ऐकायचं. मी चौथीपर्यंत शिकलो. पण कानस हातात घेतली की केसभर लोखंड जास्त जात नसे. हे मी नाही म्हणत, आमच्यावरचे चार्जमन म्हणायचे. त्याचं काम बरं होतं. नुसतं बरं. तरी चार्जमन माझं काम पाहून, मान हलवून पुढे जात आणि त्याच्या वाईसपाशी दहा दहा मिनिटं थांबत. काहून, तर त्याच्याजवळ रोज एक नवी गोष्ट असायची.

सासरीही तेच. आमची सासुरवाडी बड्या फुहाऱ्याच्या मागच्या गल्लीत. मी थोरला जावई, मान माझा. पाट पहिला माझा, टिळा पहिला मला. पण पंगत बसली की सासूबाई मला विचारायच्या, "भात वाढू का?" आणि त्याला न विचारता वाढायच्या. ज्याला हा फरक कळत नाही त्यानं पुढचं वाचू नये. खोव्याची जलेबी मी विकत घेऊन जायचो आणि सासूबाई ती झाकून ठेवायच्या, तो यायचा आहे म्हणून. तो यायचा रिकाम्या हातानं, उशिरा, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, आणि दारातूनच म्हणायचा, "आई, आज काय झालं माहीत आहे का?" की झालं. माझी सख्खी बायकोसुद्धा हातातलं टाकून बाहेर यायची.

त्याची पँट गुंडाळलेली का असायची, तर त्याला पाण्याचं वेड होतं. नदीचं नाही, नदी सगळ्यांनाच दिसते. कुठे ओहोळ दिसला, ओल दिसली, की हे पाणी येतं कुठून ते पाहिल्याशिवाय त्याला चैन नसे. भेडाघाटला माणसं धुआँधार धबधब्याकडे तोंड करून उभी राहतात. हा तिकडे पाठ करून कुठल्यातरी बोटभर नाल्याच्या काठानं वर चालू लागायचा. एकदा शहपुऱ्याला लग्नाला निघालो, तर हा पुलाजवळ बसमधून उतरून गेला. खाली नाल्याला मार्गशीर्षात एवढं पाणी कसं, म्हणे. मंडपात पोचला तेव्हा मंगलाष्टका आटोपल्या होत्या, धोतर चिखलानं माखलेलं आणि उपरण्यात शेरभर शिंगाडे बांधलेले. दुसऱ्या कोणाला वधूपक्षानं बाहेर उभं केलं असतं. याला नवरीच्या बापानं स्वतःशेजारी जेवायला बसवलं आणि शिंगाड्यांची हकीकत दोनदा सांगायला लावली. मी अहेर घेऊन वेळेवर गेलो होतो. मला कोपऱ्यातलं पान.

आता आमच्या शॉपचा रिवाज सांगतो. आमच्याकडे भोक मापायला गेज असतो, दोन टोकांचा. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. मधलं काही नाही, माल पास नाहीतर रिजेक्ट. मी जन्मात खोटं बोललो नाही हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून जेवणाच्या सुट्टीत साडूची गोष्ट संपली की सगळे माझ्याकडे वळायचे. "बोलो भैया, पास कि रिजेक्ट?" मी पास म्हटलं तर गोष्ट खरी, मग ती साऱ्या फॅक्टरीत फिरायची. मी मान हलवली की हशा व्हायचा आणि सगळ्यात मोठ्यानं तोच हसायचा. एवढीच काय ती माझी त्याच्यावर सत्ता होती, आणि मी ती जपून वापरत असे.

त्या साली लढाई झाली. फॅक्टरीचा भोंगा दिवसातून किती वेळा वाजतो ते कोणी मोजत नव्हतं. लढाई थांबल्यावर तोफांच्या गाड्यांची चाकं आणि ब्रेक जागेवरच दुरुस्त करायला आम्हा चार फिटरांना राजस्थानच्या वाळवंटात पाठवलं. चौघांत मी, आणि अर्थात तो. तिथे पाणी टँकरनं यायचं, माणशी एक बादली. त्यातच पिणं, त्यातच अंघोळ. पहिल्या सुट्टीच्या दिवशी साडू सकाळी नाहीसा झाला आणि दुपारी परत आला तो डोक्यावरून न्हाऊन. म्हणाला, "भाऊ, त्या काळ्या टेकडीमागे धबधबा आहे."

मी म्हटलं, "टँकरवाल्याला किती बिड्या दिल्या?"

"तुमची शप्पथ. लपलेला आहे. जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. पुढच्या सुट्टीला चला माझ्यासंगं."

मी गेलो. धबधबा पाहायला नाही, खोटं पकडायला. इतकी वर्षं त्याच्या गोष्टी मी बसून तपासल्या, ही चालत जाऊन तपासणार होतो. पहाटे निघालो. आधी वाळू; एक पाऊल टाकावं तर अर्धं मागे येतं. माझे बूट नवे, फॅक्टरीनं दिलेले, टणक. तो अनवाणी, चपला हातात, शर्ट डोक्यावर. मग काळे दगड सुरू झाले, आणि त्यांच्यामधून एक कोरडा नाला वर गेलेला. हा त्यात शिरला आणि पुढे चालत मला शिकवायला लागला. "ह्या बकऱ्यांच्या लेंड्या कुठं चालल्या ते पाहत चला, भाऊ. बकरी उगाच डोंगर चढत नाही." थोड्या वेळानं, "पारवे पाहा, खालून उडून राहिले." ऊन तापलं, टाचांना फोड आले, माझी बाटली संपली. त्यानं आपली बाटली पुढे केली. म्हटलं, तू काय पिशील? म्हणाला, "मला काय, पुढं मिळणारच आहे."

त्या शब्दाची जितकी आग झाली तितकी फोडांची नाही झाली. त्याला संशयच नव्हता. जगात आपल्यासाठी पुढे काहीतरी ठेवलेलं आहे असं धरून चालणारा माणूस, आणि माझ्या डोळ्यांदेखत जग त्याला ते देत आलेलं.

एका मोठ्या दगडापाशी नाला वळत होता. तिथे पोचलो आणि अंगावर गार वारा आला. ओल्या दगडाचा वास आला. आणि मग आवाज. फार मोठा नव्हता. सकाळी नळ आला की रिकाम्या घागरीत पाणी पडतं तसा, पण घागर कधी न भरणारी.

मी खाली बसलो आणि बूट काढला.

तो म्हणाला, "बसले काहून? दहा पावलं राहिली."

"पाय दुखून राहिले."

"पाठीवर घेऊन जातो, चला."

"मी काय नवरी आहे? तू जा."

पाय दुखत होते हे खरं. पण दहा पावलं गेलो असतो तर डोळ्यांनी दिसलं असतं, आणि दिसलं असतं तर जबलपूरला जाऊन पास म्हणावं लागलं असतं. माझ्याच्यानं खोटं बोलवत नाही, म्हणून मी दगडाच्या अलीकडे बसून राहिलो. पलीकडे त्याच्या उड्या ऐकू येत होत्या, हसणं ऐकू येत होतं. "भाऊ, या हो," अशा चार हाका आल्या. तो निथळत परत आला, बाटली गच्च भरून. प्या म्हणाला. मी नाही प्यायलो. जे तोंड ते पाणी प्यायलं त्यानं नाही कसं म्हणायचं? तीन तास तसाच चाललो, जीभ टाळूला चिकटलेली, आणि शेजारी तो ती भरली बाटली घेऊन. त्यानंही शेवटपर्यंत प्यायली नाही. मी पीत नव्हतो ना, म्हणून.

जबलपूरला परतल्यावर पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं सगळं सांगितलं. फार सुंदर सांगितलं. पन्नास माणसं घास हातात धरून ऐकत होती. मग सगळे माझ्याकडे वळले. "भैया तो साथ में थे. पास कि रिजेक्ट?"

मी म्हटलं, "मैंने नहीं देखा."

हशा इतका झाला की पलीकडच्या शॉपमधून माणसं आली. साडू हसला नाही. माझ्याकडे पाहत राहिला. त्याला वाटलं, मी पुढे काही बोलीन. मी डब्यातली भाजी संपवली. मग तो हळूच म्हणाला, "भाऊंनी नाही पाहिला, ते खरं आहे."

त्या दिवसापासून त्याच्या वाईसपाशी कोणी बाटली आणून ठेवे, कोणी विचारे, "अपने झरने से भर दो ना." त्यानं गोष्टी सांगणं बंद केलं. चार्जमन त्याचंही काम पाहून, मान हलवून पुढे जायला लागले. पहिले आठ दिवस मला झोप फार चांगली लागली.

मग दिवाळीचा पाडवा आला. सासरी पंगत बसली. सासूबाईंनी त्याला विचारलं, "इतक्या लांब जाऊन आलात, वाळवंटात पाहिलं तरी काय?"

तो म्हणाला, "वाळू, आई."

सगळे मान खाली घालून जेवले. सासूबाईंनी त्याला विचारलं, "भात वाढू का?" मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी अर्ध्या पानावरून उठलो.

दुपारी परत येताना बायकोनं वाटेतच धरलं. "तुमच्या दोघांत काय झालं?" मी सांगितलं. सगळं, आवाजासकट.

"म्हणजे पाणी होतं."

"मी पाहिलं नाही."

"ऐकलं ना?"

"ऐकलं."

"मग तेवढंच सांगायचं. तुमचा सच्चेपणा ठेवायला त्याला खोटं पाडलं?" असं म्हणून ती पुढे चालू लागली, आणि घरापर्यंत मी तिच्या मागे.

आता तो नाही. जाऊन बरीच वर्षं झाली. त्याचा हेवा माझ्या मनातून गेलेला नाही, आणि हे लिहिताना मला त्याची लाजही वाटत नाही. लाज वाटते ती त्या दहा पावलांची. पुढे कधी तिकडे जाणं झालं नाही. कधी उन्हाळ्यात दुपारी डोळा लागताना तो आवाज येतो. मी कितीही मन ताणलं तरी दगडाच्या पलीकडचं काही दिसत नाही.

त्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊबीज, पण लढाई नुकतीच झालेली, काम तुंबलेलं; भोंगा वाजलाच. गेटवर रांग लागली होती, प्रत्येकानं आपला हजेरीचा पितळी बिल्ला उचलायचा आणि आत जायचं. साडू माझ्या चार माणसं पुढे होता. मी रांगेत उभ्या उभ्या मोठ्यानं म्हटलं, "सुनो भैया लोग. पानी था. मैंने अपने कान से सुना. आखिरी दस कदम मैं ही नहीं गया."

एकानं विचारलं, "क्यों नहीं गए?"

"पैर में छाले थे," मी म्हटलं. जन्मातलं पहिलं अर्धं खोटं.

साडूनं मागे वळून पाहिलं नाही. त्याचे कान मात्र लाल झालेले दिसले. कोणीतरी विचारलं, "ऊँचा कितना था?"

"मुझसे क्या पूछते हो," मी म्हटलं, "जो गया था उससे पूछो."

रांग थोडी पुढे सरकली. मग तो समोर पाहतच म्हणाला, "दो आदमी." पहारेकऱ्यापाशी पोचेतो तीन आदमी झाले. बिल्ल्यांच्या फळीपाशी तो पुरता मागे वळला होता, दोन्ही हात वर, पाच आदमी, आणि मध्ये इंद्रधनुष्य. दोघातिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझा बिल्ला उचलला आणि कामावर गेलो.