मामांचा मेघवीर

माझ्या बायकोच्या मामांइतका बेभरवशाचा लेखक मराठीत दुसरा झाला नसेल, असं मी लोणावळ्यात चारचौघांत बिनदिक्कत म्हणत असे आणि मामा शेजारी बसून मान डोलवत असत. ते तिथल्या एका शाळेत इतिहास शिकवायचे आणि पुण्याच्या एका साप्ताहिकात ‘मेघवीर’ नावाची क्रमशः कथा लिहायचे. मेघवीर म्हणजे आभाळातून उडणारा, तोंडावर काळा मुखवटा चढवणारा, एका हातानं रेल्वेचं इंजिन उचलणारा वीर. राजमाचीच्या पलीकडं ढगात कुठंतरी त्याचं घर. एवढं मात्र कायम असायचं. बाकी सगळं मामांच्या लहरीवर होतं. गणपतीच्या सुमारास मेघवीर कट्टर ब्रह्मचारी असायचा आणि दिवाळीत त्याची बायको त्याला चहा करून द्यायची. एका आठवड्यात तो मुंगीलाही जपायचा, तर दुसऱ्या आठवड्यात समुद्रावर बसून तळलेले बोंबील खायचा. त्याच्या डोळ्यांचा रंग तर संपादकांनीही धरून ठेवायचा नाद सोडला होता.

याचं कारण साधं होतं. मामा लिहिलेलं परत वाचत नसत. अंक छापून आला की मामी तो फडताळात डब्यांखाली अंथरत. आणि मामांच्या घरात त्या दिवशी जे चाललं असेल ते सरळ मेघवीराच्या अंगात उतरायचं. मामांची दाढ दुखली तेव्हा मेघवीर आठवडाभर कुणाशी एक शब्द बोलला नाही. शाळेत उशिरा गेल्याबद्दल मुख्याध्यापकांनी बोल लावले, तेव्हा मेघवीरानं एका शिस्तीच्या भोक्त्या खलनायकाला नागफणीच्या कड्यावरून उलटं टांगलं. मग मामांना ताप आला, मुख्याध्यापक घरी येऊन तासभर बसून गेले, आणि पुढच्या अंकात मेघवीरानं त्याच खलनायकाला वर ओढून घेऊन आलेपाक खायला दिला. मामांना चष्मा लागला तसा मेघवीरही अंधारात चाचपडू लागला.

तळेगावचे एक कंपाउंडर हे सगळं मुळापासून वाचत आले होते. एका रविवारी ते मुद्दाम गाडीनं आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, की गुरुजी, हा मेघवीर एकच आहे की चार आहेत ते एकदा सांगून टाका. मामांनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, “तुम्ही दवाखान्यात असता तेच घरी असता का?” कंपाउंडरांनी बशीतला उरलेला चहा संपवला. मग ते गेले. वाचायचं मात्र त्यांनी सोडलं नाही.

माणूस म्हणूनही मामा तसेच. चहा सोडला म्हणून सकाळी जाहीर करायचे आणि दुपारी दुसऱ्याच्या घरी जाऊन प्यायचे. पण एका बाबतीत त्यांच्यात कधी बदल झाला नाही, आणि तिचा मला फार वैताग यायचा. ते नेहमी सगळ्यांच्या मागून चालायचे. शाळेची सहल भाज्याच्या लेण्यांना गेली की बाकीचे शिक्षक पुढं, आणि मामा शेवटच्या रेंगाळणाऱ्या पोराच्याही मागं. रस्त्यात कुणी चपलेचा अंगठा सावरायला वाकलं तर मामा थांबायचे. लग्नाच्या वऱ्हाडात शेवटचं माणूस गाडीत चढल्याशिवाय ते पाऊल उचलत नसत. मळवली स्टेशनवर एकदा नात्यातल्या कुठल्याशा म्हातारीची पिशवी सापडेना, मामा तिच्यासाठी मागं राहिले, त्यांच्यासाठी मी राहिलो, आणि आमच्या डोळ्यांदेखत गाडी निघून गेली. मी रागावलो. मामा नुसते म्हणाले, “जावईबापू, दुसरी गाडी आहे.”

लोणावळ्यात टेलिव्हिजन नवा नवा आला त्या काळातली पुढची गोष्ट. मुंबईहून एक तरुण निर्मातीबाई मामांकडं आल्या. त्यांना मेघवीरावर मुलांसाठी मालिका करायची होती. मामा इतके हरखले की त्यांनी अटी वगैरे काही विचारल्याच नाहीत. “त्याला नीट उडवा म्हणजे झालं,” एवढंच म्हणाले.

आमच्या ओळखीत टेलिव्हिजन एकच, तुंगार्लीला एका शेटजींच्या बंगल्यात. शेटजी मोठ्या मनाचे. त्यांनी व्हरांड्यात सतरंज्या घातल्या आणि सगळ्या आळीला बोलावलं. पहिल्या भागात मेघवीर उडाला. त्याच्या पाठीची तार सगळ्यांना दिसली, तरी टाळ्या पडल्या. दुसऱ्या भागात तो अचानक विनोदी झाला आणि बोलता बोलता शिंकू लागला. लोक कुजबुजले, की हे काही मामांचं वाटत नाही. मामाच त्यांची समजूत घालत होते, की माणूस आहे, होतं असं.

तिसऱ्या भागात एक पायानं अधू धनगर गुहेत अडकलेला होता आणि गुहेत पाणी चढत होतं. मेघवीर आला. धनगरानं हात पुढं केला. तेवढ्यात बाहेर खलनायक पळताना दिसला. मेघवीर म्हणाला, की एका माणसापेक्षा गाव मोठं आहे, आणि तो उडून गेला. धनगराचं पुढं काय झालं ते दाखवलंच नाही. खलनायक पकडला गेला, लोकांनी हार घातले आणि भाग संपला.

मामा उठले आणि चपला न घालताच बंगल्याच्या फाटकाबाहेर पडले. मी त्यांच्या चपला हातात घेऊन मागोमाग निघालो, तर मामींनी मला थांबवलं. म्हणाल्या, की त्यांना जाऊ द्या, मी सांगते. आणि तिथंच पायरीवर बसून त्यांनी जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. माझी बायको सुमन हिलाही एवढंच ठाऊक होतं, की मामांना एक धाकटा भाऊ होता आणि तो लहानपणीच गेला.

मामांचं गाव टाकवे बुद्रुक. दोघे भाऊ गुरं घेऊन ओढ्यापलीकडं गेले होते. धाकटा महादू दहा वर्षांचा, एक पाय जन्मापासून अधू. संध्याकाळी परतताना वरच्या डोंगरात पाऊस झालेला, ओढा भरू लागला होता. गुरं बिथरली. मामांनी महादूला एका मोठ्या दगडावर बसवलं, गुरं गावाकडच्या काठाला सोडून लगेच येतो म्हणाले, आणि पाण्यात शिरले. गुरं सुखरूप पोचली. मामा वळले तेव्हा दगड दिसत नव्हता. “सासूबाईंनी मला लग्नाच्या वर्षीच बजावलं होतं,” मामी म्हणाल्या, “या घरात त्याचं नाव काढायचं नाही. मी कधी काढलं नाही. त्यांनीही नाही.”

दुसऱ्या दिवशी मामा मुंबईला निघाले. मी रजा टाकून सोबत गेलो. निर्मातीबाईंनी आम्हांला नीट बसवून घेतलं. त्या म्हणाल्या, की तीन लेखक आळीपाळीनं लिहितात, एकाचं दुसऱ्याला माहीत नसतं, वेळ कमी पडतो, त्यांनाही तो भाग रुचलेला नाही. पण मग त्यांनी सरळच विचारलं, की गुरुजी, तुमचे सगळे अंक मी वाचले आहेत, तुमचा मेघवीर दर आठवड्याला निराळा असतो, मग आमच्यावरच राग का. त्या चुकीचं बोलत नव्हत्या. मला वाटलं, मामा आता उठतील.

“तो कसाही वागू दे बाई,” मामा म्हणाले. “खोटं बोलू दे, घाबरू दे. पण तो मागं राहिलेल्याला टाकून जात नाही. तेवढं एक मी कधी बदललेलं नाही. बघा तुम्ही.”

बाईंनी वाचलेले अंक मनात चाळून पाहिले. मग म्हणाल्या, की खरं आहे. शेवटचा भाग अजून व्हायचा होता. त्यात मेघवीर गुहेकडं परत येतो असा एक प्रसंग घालायचं त्यांनी कबूल केलं.

तो प्रसंग भाज्याजवळच्या एका कपारीत घ्यायचं ठरलं. चित्रीकरणाच्या दिवशी धनगराचं काम करणारा नट आलाच नाही. बाई हवालदिल झाल्या. मामा म्हणाले, मी बसतो. त्यांना घोंगडी पांघरली, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि कपारीत बसवलं. वाक्य एकच होतं, ‘मला ठाऊक होतं, तुम्ही याल.’ मामांनी ते शाळेतल्या पोरासारखं घोकून घेतलं.

मेघवीर झालेला नट गिरगावातला, धिप्पाड, सर्दीनं बेजार. तो वाकून आत आला आणि त्यानं हात पुढं केला. मामा त्या हाताकडं बघत राहिले. वाक्य येईना. बाईंनी कॅमेरा थांबवला नाही. शेवटी मामा बोलले ते टाकव्याच्या बोलीत, जी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

“लय येळ लावलास दादा. मी हितंच हाय बघ.”

त्या नटाला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं मुखवटा काढून बाजूला ठेवला, मामांच्या शेजारी जमिनीवर बसला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “झाला खरा उशीर,” तो म्हणाला. “चल आता.” मग त्यानं मामांना उचलून उन्हात आणलं. मामी बाहेर उभ्या होत्या. त्यांनी पदरानं मामांचं तोंड पुसलं.

बाईंनी ते तसंच ठेवलं. भाग दाखवला गेला तेव्हा बऱ्याच लोकांनी नाकं मुरडली. मेघवीर मुखवटा काढेलच कसा, हे त्याच्या स्वभावात बसत नाही, असं म्हणाले. मामांनी ते ऐकून घेतलं आणि वाद घातला नाही.

पुढच्या रविवारी ते मला टाकव्याला घेऊन गेले. ओढ्याला पाणी घोट्याएवढंच होतं. मामा काठावर बसले आणि महादूबद्दल सांगू लागले. तो प्रत्येक गाईला वेगळ्या आवाजात हाक मारायचा. त्याला गूळ आवडायचा नाही. पाय अधू असून झाडावर मामांच्या आधी चढायचा आणि वरून त्यांना चिडवायचा. परतीच्या एस.टी.तही मामा सांगतच होते.

त्या दिवसापासून त्या घरात महादूचं नाव निघू लागलं. आंबे कापताना मामा म्हणायचे, महादूला कोय लागायची, ती कुणी खाऊ नका. मामी ती बाजूला ठेवायच्या आणि माझी मुलगी हळूच उचलून चोखायची. मामा आता नाहीत. मेघवीराचे अंक मामींच्या फडताळातच विरून गेले. माझी मुलगी मोठी झाली, तिला मामांच्या कथेतलं फारसं काही आठवत नाही. पण टाकव्याचं नाव निघालं की ती म्हणते, ते महादूआजोबांचं गाव. आजोबा दहा वर्षांचे होते, हे तिला ठाऊक आहे. तरीही ती आजोबाच म्हणते.