बॅटरीवाल्याचा कौल

गोवा मोकळा झाल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात सावंतवाडीच्या बाजारात मी पहिला ट्रान्झिस्टर पाहिला. एका दुकानदारानं पणजीहून आणला होता. साबणाच्या दोन वड्या एकीवर एक ठेवल्यासारखा, आणि आत साधे टॉर्चचे सेल. दुकानदार तो तळहातावर घेऊन गिऱ्हाइकांना गाणं ऐकवत होता. लोक माना डोलवत होते. माझ्या खांद्यावर होती शिशाच्या प्लेटा आणि ॲसिड भरलेली बॅटरी. तिच्या ओझ्यानं एक खांदा कायमचा उतरता झालेला. गाणं कुठलं होतं ते आठवत नाही. मी नुसता त्या सेलांकडे बघत होतो. हे जर गावोगाव गेलं, तर माझं काय?

त्या काळी सरकारनं खेड्यापाड्यांत पंचायतीचे रेडिओ बसवले होते. वीज नव्हतीच. रेडिओ लाकडी पेटीत कुलूपबंद, वर कर्णा, खाली बॅटरी. बॅटरी उतरली की ती काढायची, भरलेली लावायची, उतरलेली मालवणच्या चार्जिंगच्या खोलीवर न्यायची. हे काम माझं. हुद्दा बॅटरी हेल्पर. मी सोलापूरकडचा. वडील गेले आणि सातवीनंतर शाळा सुटली. बार्शीत एका चार्जिंगच्या दुकानात कामाला होतो, तिथं बॅटऱ्या भरायला आलेल्या खात्याच्या साहेबांनी मला उचललं. "कोकणात येतोस का?" एवढंच विचारलं. येतो म्हणालो. कोकण कुठल्या दिशेला आहे तेही मला ठाऊक नव्हतं. त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही. सातवी शिकलेल्याला सरकारी दारात कोण उभं करतं?

पण दारात उभं राहणं वेगळं आणि आत जाणं वेगळं. रेडिओ उघडून दुरुस्त करणारा मेकॅनिक मॅट्रिक असावा लागे. तो आला की मी कंदील धरायचा. तो व्हॉल्व्ह बदलायचा, सुटलेल्या तारेला डाग द्यायचा, आणि मी मान वाकडी करून आत बघायचो. "काय बघतोस? तुझं काम पेटीच्या बाहेर," असं तो हसत म्हणायचा. वाईट माणूस नव्हता. खरं तेच बोलत होता.

मालवणपासून कोसभरावर, खाडीच्या अलीकडच्या एका गावात मी एका काकीच्या पडवीत भाड्यानं राहत होतो. काकी विधवा. तिचा मुलगा मुंबईत गोदीत. तिची भाषा मला सुरुवातीला निम्मी कळायची. ती मला 'झिला', म्हणजे मुला, म्हणायची. गाव मात्र मला 'घाटी' म्हणायचं. ॲसिड उडून माझ्या सगळ्या सदऱ्यांना भोकं पडलेली असायची. "ह्या घाट्याक वाळवी लागली काय रे?" म्हणून तिठ्यावर बसलेले हसायचे. मीही हसायचो. हसून पडवीत आलो की मात्र बोलायला कोणी नसायचं. काकी दिवेलागणीला जेवून आडवी व्हायची. समोर माड, पलीकडे पाणी. आमच्याकडे रात्री कुत्री भुंकतात, माणसं पारावर बोलतात. इथं माडाच्या झावळ्यांचा आवाज, आणि तो माझ्याशी बोलत नव्हता.

त्या गावात मी एक धडा शिकलो, तो सांगतो. एकदा मी फेरीवर असताना निरोप आला की तिथला रेडिओ बंद पडलाय. मी धावत गेलो. बॅटरी चांगली होती. तिथल्या खाऱ्या वाऱ्यानं टर्मिनलांवर पांढरा-हिरवा फुलोरा येतो, तोही खरवडला, व्हॅसलीन लावलं. तरी मला काही कळेना, कारण बटण फिरवल्याबरोबर कर्णा खणखणीत बोलू लागला. लोक घाईघाईनं पुढे आले.

"बंद कर, बंद कर रे घाट्या!"

"का? चालतोय की."

"चलता ता माका दिसता. पण मानकऱ्यांचा सुतक आसा मां!"

मग उलगडा झाला. त्या गावात होळी पेटवण्याचा पहिला मान एका घराचा, पालखी उचलण्याचा दुसऱ्याचा, नारळ फोडण्याचा तिसऱ्याचा. रेडिओ आला तेव्हा बटण कोणी फिरवायचं यावरून देवळात बैठक बसली होती, आणि तो मान एका घराला मिळाला होता. त्या घरात म्हातारी वारली. सुतक फिटेपर्यंत रेडिओ बंद. दुसऱ्या कोणी बटण फिरवणं म्हणजे मान मोडणं. मुंबईहून वाऱ्या-वादळाची बातमी येते, होडीवाल्यांना ती लागते, हे मी सांगून पाहिलं. गावकर, म्हणजे देवळातल्या कामांचा प्रमुख, शांतपणे म्हणाला, "सुतक फिटापर्यंत आभाळ बगूचा. आभाळाक सुतक नाय."

मी खात्यात कळवलं, 'तांत्रिक दोष नाही.' पण येताना वाटेत मला एक विचित्र वाटलं. या गावात एक बटण फिरवण्यालासुद्धा कोणाचं तरी घर ठरलेलं आहे. माझं काय ठरलेलं आहे?

ट्रान्झिस्टर पाहिल्यावर हाच प्रश्न जोरात उभा राहिला. आणि नेमके त्याच महिन्यात मला कोकणात आणणारे साहेब रत्नागिरीहून फेरीवर आले. चार्जिंगच्या खोलीत खुर्चीवर बसले, बॅटऱ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "हे सगळं आणखी चार-पाच वर्षांचं आहे, कळतंय ना तुला?"

"होय साहेब."

"पुण्यात खात्याचा मेकॅनिकचा वर्ग निघतोय. यंदा सातवीवाल्यांना घेणार आहेत, हाताला काम येत असलं तर. तुझं नाव मी घालू शकतो. पण इथली जागा सोडावी लागेल. ती तात्पुरती आहे, धरून ठेवता यायची नाही. नापास झालास तर ना तिकडचा, ना इकडचा. आठवड्यात सांग."

आजकाल मुलं करिअर आखतात म्हणे. आमच्या वेळी हा शब्द नव्हता. 'चिकटणे' हा शब्द होता. एकदा चिकटलं की सुटायचं नाही. आईला विचारलं असतं तर तिनं हेच सांगितलं असतं, सरकारी दार सोडू नको बाबा. ज्याला पुढची वाट माहीत आहे असं माझ्या ओळखीत एक साहेब सोडून कोणी नव्हतं, आणि साहेबांनी तर निवड माझ्यावरच टाकलेली. मी जेवेनासा झालो. काकीनं दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी माशाच्या तिखट कालवणाचं ताट तसंच परत गेल्यावर ती कडाडली.

"माजा तिकला कुत्र्याक घालूक माका परवडाचा नाय! काय झाला ता सांग."

सांगितलं. तिला वर्ग, मेकॅनिक काही कळलं नाही, पण पेच बरोब्बर कळला. "मगे देवाक इचारूया," म्हणाली, जणू शेजारी जाऊन मीठ मागायचं आहे.

सोमवारी मी आंघोळ करून देवळात गेलो. तिथं कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो, गावकर देवाला गाऱ्हाणं घालतो, म्हणजे मोठ्यानं सगळी हकीकत सांगून विचारतो. उजवी कळी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. तिथली माणसं बी पेरण्यापासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं असं विचारतात. मी विज्ञानाच्या खात्यातला माणूस, असं मनात म्हणत होतो, आणि हात जोडून उभा होतो.

गुरवानं पहिलाच अडसर घातला. "ह्यो घाटी. हेचो देव खंयचो?"

मी आमच्या गावच्या देवाचं नाव सांगितलं.

"मगे थयचो हुकूम लागतलो. आमच्या देवान दुसऱ्याच्या माणसात कित्या हात घालूचो?"

देवळात बसलेल्यांत वाद पेटला. कोणी म्हणालं, देव सगळीकडे एकच. कोणी म्हणालं, असं असतं तर वेशी कशाला? मी खांबाला टेकून उभा होतो. वाटलं, इथंही आपलं नाव कुठल्या यादीत नाही. निघावं. तेवढ्यात गावकर म्हणाला, "गप रवा रे सगळे. आमच्या गावाच्या रेडियाक पाणी कोण घालता? ह्यो घालता मां? पावसातसून, चिखलातसून बॅटरी घेवन कोण येता? मगे ह्यो आमचोच." आणि माझ्याकडे न बघताच त्यानं सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो परमुलखातलो झील तुज्या पायाकडे उभो आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात.

"तेका हय ना आवस, ना बापूस. तू तेचो मायबाप आसंस म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका पुण्याक इद्या शिकूक जावचा आसा. जावचा काय रवाचा, ता तू आज उघड करून सांग म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मघाशी मला वेशीबाहेर काढू पाहणारा गुरवही त्यात होता. माझ्या वडिलांच्या मागं माझ्यासाठी कोणी काही मागितलं असेल तर आईनं, तेही मनातल्या मनात. इतक्या मोठ्यानं, इतक्या जणांनी मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी मान खाली घातली.

कळ्या हलेनात. बराच वेळ गेला. मग एक घरंगळली.

डावी.

गावकर खाकरला आणि त्यानं तिथल्या रीतीप्रमाणं पुढचं विचारलं, "बरा म्हाराजा. वरसभर थांबान गेलो तर?" त्याचं वाक्य पुरं होतंय न होतंय तोच उजवी कळी टपकन पडली. सगळे खूश झाले. "झाला! एक वरस रव. मगे जा," असं म्हणत जो तो माझ्या पाठीवर थापा मारू लागला.

घरी येताना मला कळेना, मी हलका झालोय की जड. वर्ग काही वर्षभर थांबणार नव्हता. पुढच्या वर्षी तो निघेलच हे साहेबांनी सांगितलं नव्हतं. पण राहिलो तर देवाचा, गावाचा शब्द राहतो. आणि लपवत नाही, मनात असंही आलं की ही माणसं मला जाऊ द्यायला तयार नाहीत. मला 'थांब' म्हणणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं. त्या एका शब्दावर जन्म काढावा, इतका मी एकटा होतो.

काकी विहिरीवर भांडी घासत होती. मी कळशी ओढता ओढता तिला सांगितलं, राहतो म्हणून. तिनं राखेचा हात थांबवला.

"कित्या?"

"डावा कौल झाला ना."

"माज्या झिलाक पण डावोच झाल्लो, मुंबैक जाताना."

"मग?"

"मगे काय? नारळ ठेवलो, सांगणा केला, आणि तो गेलो." ती पुन्हा घासू लागली. "डाव्या कौलार सगळे थांबले असते तर मुंबैत एक मालवणी दिसलो नसतो रे! देव 'जाव नको' म्हणता, तेचो अर्थ, जातलो तेका सांभाळूक होया. ता सांभाळूचा काम आमचा. तुजा काम जावचा."

"गावकर रागावतील."

"तो? तेचे दोन भाव पोलिसात आसत. एकाक पण उजवो पडलो नाय."

मला हसूही आलं आणि रडूही. तिथली माणसं देवाचा नकार मोडत नाहीत, तसा पाळतही नाहीत. ती त्याला कामाला लावतात. हे बाहेरच्याला कळत नाही. मी बाहेरचा होतो म्हणून नकार ऐकून थांबायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी देवापुढं नारळ ठेवला. गावकरानं सांगणं केलं, म्हणजे देवाची समजूत घातली, की हा जातोय, त्याचा सांभाळ तुझ्याकडे. मग मला म्हणाला, "नापास झालंस तर खंय जातलंस?"

"माहीत नाही."

"हय येवचा. बॅटरी गेली तरी माड आसत. चढूक शिकवू." आणि स्वतःच्याच विनोदावर मोठ्यानं हसला. मला त्यात विनोद दिसला नाही. आयुष्यात परतीची वाट कोणी सांगितलेली ती पहिलीच. मी त्याच दिवशी मालवणहून साहेबांना होकार पाठवला.

पुण्यात माझे फार हाल झाले. वर्गात सगळे माझ्याहून लहान, बहुतेक मॅट्रिक नापास, म्हणजे माझ्याहून पुष्कळ शिकलेले. इंग्रजी नावं मी देवनागरीत लिहून घ्यायचो. खोलीत तिघे होतो, पण ते दोघे एका गावचे, आपसात बोलायचे. तोंडी परीक्षेत मी अडखळलो. हाताच्या परीक्षेत मुका झालेला रेडिओ दिला होता. दोष बॅटरीच्या वायरीपाशी होता, आणि तिथवर तरी मला कोणी हरवू शकत नव्हतं. आत आणखी एक दोष होता तो मला सापडला नाही. निकाल लागला. शेवटून दुसरा, पण पास.

फळ्यासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. सगळे कोणाला तरी सांगायला पळाले होते. मी फाटकावरच्या पहारेकऱ्याला जाऊन सांगितलं, "पास झालो." तो बिडी ओढत होता. म्हणाला, "शाब्बास. घरी कळवा."

टपालात जाऊन मी दोन कार्डं घेतली. आईचं आधी लिहिलं. काकीला वाचता येत नव्हतं, तेव्हा दुसरं गावकराच्या नावानं लिहिलं. नेमणुकीच्या अर्जात मी मालवण मागितलं होतं. मिळालं धुळे. तेही त्याच कार्डावर, खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिलं.