सरड्यासाठी फेरनिविदा

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात एकही वस्तू सरळ दुकानात जाऊन विकत घेतलेली नाही. सरकारी खात्याच्या खरेदी विभागात बत्तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, पण फक्त पगारापुरते. मीरा रोडच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी घ्यायची तरी ते तीन गाड्यांवर जुड्या उलट्यापालट्या करून बघतात आणि मग पहिल्या गाडीकडे वळतात. तोवर ती गाडी पुढच्या गल्लीत गेलेली असते. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीचे मामा या नात्याने त्यांनी तीन स्थळांचा तुलनात्मक तक्ता केला होता. तो पुढे माझ्या हाती लागला. माझ्या नावापुढे 'तांत्रिकदृष्ट्या पात्र, केस विरळ' असा शेरा आहे. त्याबद्दल मी त्यांना कधी काही विचारलं नाही, कारण शेरा खरा होता.

अशा माणसाच्या घरात सरडा कसा आला, हे सांगायला हवं. मामांच्या एकुलत्या एका मुलीने कॉलेजात असताना तो आणला. मूळचा ऑस्ट्रेलियातला, हातभर लांब, गळ्याखाली दाढीसारखे काटे. सोबत ठिपक्याठिपक्यांच्या दोन पाली. मामा तोवर भिंतीवर साधी पाल दिसली तरी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसत. पण मुलीने रीतसर नोंदणीचं प्रमाणपत्र आणून दाखवलं. मामांनी ते लॅमिनेट करून काचेच्या पेटीवर चिकटवलं, आणि ज्याचे कागद चोख आहेत अशा प्राण्याला घाबरणं त्यांनी सोडून दिलं. सरड्याला ते 'साहेब' म्हणू लागले. मग मुलगी नोकरीला जर्मनीला गेली आणि साहेब, दोन पाली आणि तिची खोली मामांच्या ताब्यात राहिली.

मामींशी ती रविवारी तासभर बोलते. मामांचं तसं नाही. बापलेकीला एकमेकांशी काय बोलावं हे कधी जमलंच नाही, दोघंही मोजून बोलणारी. पण साहेबांमुळे ती रोज संध्याकाळी पाचला, तिकडच्या जेवणाच्या सुट्टीत, मामांना फोन करू लागली. खाल्लं का, कात टाकली का, दिव्याखाली ऊब किती आहे. दहा-बारा मिनिटं व्हायची. मामा साडेचारपासून घड्याळ बघायचे आणि मामींना सांगायचे, "त्या प्राण्याचा अहवाल द्यावा लागतो, नाहीतर मला काय हौस आहे?"

गेल्या हिवाळ्यात समोरची इमारत पुनर्विकासासाठी पाडली आणि धूळ यायला लागली. साहेबांच्या छातीतून घरघर ऐकू येऊ लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, फुप्फुस नाजूक असतं, खोलीतली हवा स्वच्छ करा, नाहीतर यांना दुसरीकडे हलवा. मुलीने फोनवर लगेच सांगितलं, "बाबा, एअर प्युरिफायर घेऊन टाका ना. नसेल जमत तर भाईंदरपलीकडे डोंगरी गावात माझी मैत्रीण आहे, ती ठेवून घेईल तिघांना." मामा त्या दिवशी जेवले नाहीत. साहेब डोंगरीला गेले तर पाचचा फोन कशासाठी येणार, हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, पण घरात सगळ्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी खरेदी समिती नेमली गेली. अध्यक्ष मामा, सदस्य मामी, सदस्य-सचिव मी. पहिल्या बैठकीत मामांनी अटी वाचून दाखवल्या. मशीनने ओझोन सोडता कामा नये, सरपटणाऱ्यांच्या फुप्फुसाला तो बाधतो. वाऱ्याचा झोत पेटीवर येता कामा नये, आतली ऊब जाते. समोरचा दिवा बंद करता आला पाहिजे, नाहीतर पालींना दिवस-रात्र कळत नाही. जमिनीला कंप जाता कामा नये. यातलं एकही अक्षर चुकीचं नव्हतं, हे मी मुद्दाम नोंदवतो. इतिवृत्तावर सही करताना मामींनी खाली असहमतीची टीप लिहिली : 'कुठलंही घ्या पण लवकर घ्या.'

मग प्रात्यक्षिक. ज्याच्यासाठी खरेदी होतेय तो हजर असल्याशिवाय प्रात्यक्षिक ग्राह्य धरायचं नाही, हा मामांच्या खात्याचा शिरस्ता. तेव्हा भोकं पाडलेल्या डब्यात साहेबांना घालून, वर ओला पंचा टाकून, आम्ही रिक्षाने भाईंदरच्या एका शोरूममध्ये गेलो. सेल्समन म्हणाला, "अंकल, इस डिब्बे में क्या है?"

"जिसके लिए मशीन चाहिए, वो है," मामा म्हणाले. "आप चालू करो, उसको देखने दो."

तीन मशीनं चालू झाली. साहेबांनी प्रत्येकाकडे एकेका डोळ्याने पाहिलं. तिसऱ्यापुढे त्यांनी डोळा मिटला आणि मामांनी 'वापरकर्त्याची हरकत नाही' असं लिहून घेतलं. पहिलं मशीन ओझोनवर बाद झालं, दुसरं दिव्यावर. तिसरं सगळ्या अटींत बसलं. मी पाकीट काढलं. मामांनी माझा हात धरला.

"जावईबापू, एकच पात्र उरला तर स्पर्धा झाली असं म्हणता येत नाही. फेरनिविदा."

मी हसलो, मग ते हसत नाहीयेत हे पाहून पाकीट परत खिशात ठेवलं. फेरनिविदेला तीन आठवडे गेले. समोरचं पाडकाम काही थांबलं नाही. साहेबांनी खाणं सोडलं. डॉक्टर म्हणाले, आता आज हलवा. मामांनी हस्तांतरण यादी दोन प्रतींत केली आणि आम्ही तिघांना डोंगरीला पोचवलं. मैत्रिणीची आई डबा हातात घेत म्हणाली, "काय काळजी करू नका, इकडं धूळ न्हाय." मामांनी तिची पोच घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि परतीच्या वाटेवर ती दोनदा काढून वाचली. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांना कवेत घ्यावंसंही वाटत होतं. दोन्हींपैकी मी काहीच केलं नाही.

चौथ्या दिवशी मशीन आलं. तेच, तिसरं. मामांनी ते रिकाम्या खोलीत लावलं. साहेब तिकडे खायला लागले होते, त्यांची खबर मुलगी आता मैत्रिणीकडून घेत होती. पाच वाजता मामा फोन समोर ठेवून बसले. फोन आला. अहवालात द्यायला काही उरलं नव्हतं. मग ती म्हणाली, "बाबा, मशीन चालू आहे?"

"आहे."

"हवेतल्या धूळ-धुराचा आकडा किती दाखवतंय?"

मामांनी चष्मा लावून वाकून पाहिलं. "बारा."

"छान," ती म्हणाली. एवढ्यावर फोन संपला.

परवा मी मामांकडे होतो. पावणेपाचला मामा उठले, त्या खोलीत गेले, खिडकी बंद आहे ना पाहिलं आणि एक उदबत्ती लावून दार ओढून घेतलं. पाचला ती विचारत होती, "आता किती?" आणि मामा सांगत होते, एकशे साठ. मग एकशे तीस. मग मामींच्या गुडघ्याचं काहीतरी, तिच्या घरमालकाचं काहीतरी, मग एकशे दहा. आकडा खाली यायला वीस-बावीस मिनिटं लागतात. तिला उदबत्तीचं माहीत असावं असा माझा अंदाज आहे, कारण रोज पाचलाच हवा इतकी का बिघडते, हे तिने अजून एकदाही विचारलेलं नाही. काल तिचा वाढदिवस होता. मामी सांगत होत्या, काल मामांनी दोन लावल्या.