टिंगटाँग आणि लाल बोर्ड

पक्षाघाताचा झटका आल्यापासून मामाच्या तोंडात एकच शब्द उरला होता, 'बरोबर'. चहा हवा का? बरोबर. नको का? बरोबर. खिडकी उघडू की लावून घेऊ, तरी बरोबर. ज्या माणसाने जन्मात कुणाचं काही बरोबर आहे असं मान्य केलं नाही, त्याच्या वाट्याला नेमका हाच शब्द यावा याचं मला आधी हसू आलं, आणि मग त्या हसण्याची लाज वाटली.

मामा लिफ्टचा मेकॅनिक. चौतीस वर्षं त्याने उंच इमारतींच्या गच्चीवरच्या मोटरखोल्यांमध्ये काढली. मोटरीला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचा, "वरचं बेअरिंग गेलंय. दोन महिने काढेल." ते दोनच महिने काढायचं. कामावर सगळे त्याला कानसेन म्हणत. मला तो टिटवी म्हणायचा, कारण माझा आवाज चढा आहे आणि मी तो कुठेही चढवते. आता तोही शब्द गेला होता.

पण खरा प्रश्न उजव्या हाताचा होता. दर मंगळवारी घरी येणाऱ्या थेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं, "सहा महिन्यांत जे परत येईल ते येईल. नंतर फार थोडं. हात वापरला नाही तर तो विसरतो." त्यातले साडेचार महिने गेले होते. मामा काही तो हात वापरायला तयार नव्हता. रबरी चेंडू दाबा म्हटलं की खिडकीबाहेर बघायचा. खुंट्या भोकांत बसवा म्हटलं की डाव्या हाताने सगळी पाटी ढकलून द्यायचा. बाकी वेळ उजवा हात मांडीवर टॉवेलखाली झाकलेला, जणू पाहुण्यांसमोर दाखवण्यासारखा नाही. मामी म्हणायची, "हात आहे गं जागेवर. यांनीच तो सोडून दिलाय."

शेवटी थेरपिस्ट बाईंनी एक प्रोग्रॅम सुचवला. पडद्यावर रंगीत गोळे, माऊसने गोळा हलवला की आवाज येतो. वर नेला की आवाज चढतो, खाली आणला की उतरतो, दोन गोळे आपटले की घंटा वाजते. मुलांसाठी केलेला, फुकट मिळणारा. त्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. मामीने त्याचं बारसं 'टिंगटाँग' असं केलं आणि विषय संपवला.

तो बसवायचं काम माझ्याकडे आलं. मी एका ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी कॉम्प्युटरवर करते, एवढ्यावर आमच्या घराण्यात मी तज्ज्ञ ठरले आहे. आणि घरात होता तो मामेभावाने शिकायला असताना घेतलेला, बारा वर्षं जुना कॉम्प्युटर. भाऊ नोकरीसाठी दूर गेला, कॉम्प्युटर मामीच्या शिवणाच्या कपड्यांखाली राहिला.

पहिला रविवार वाया गेला. कॉम्प्युटर सुरू व्हायलाच इतका वेळ लागला की मामीची भाजी चिरून, फोडणीला पडून, शिजून झाली. टिंगटाँग उघडायला गेले तर पाटी आली की हा प्रोग्रॅम या कॉम्प्युटरवर चालणार नाही. मी दोन-तीन वाक्यं अशी बोलले की मामीने स्वयंपाकघरातून विचारलं, "कुणावर ओरडतेस?" तो प्रोग्रॅम करणाऱ्यांच्या वेबसाइटवर मग आठवडाभर खोदकाम केलं, तेव्हा अगदी तळाशी सहा वर्षांपूर्वीची आवृत्ती सापडली. ती पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या रविवारी परत हजर झाले.

या वेळी तो बसला. गोळे आले. आवाज मात्र येईना. अर्धा तास मी आवाजाच्या सगळ्या सेटिंग चिवडल्या आणि मग लक्षात आलं, स्पीकरची पिन मागच्या हिरव्या भोकाऐवजी शेजारच्या गुलाबी भोकात होती. हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही. माऊसचं बटण दाबून धरावं लागू नये, नुसता हात सरकवला तरी गोळा हलावा, अशी सोय करून ठेवली आणि मामाला खुर्चीत आणून बसवलं.

त्याने डाव्या हाताने माऊस धरला. गोळा वर नेला. गोळा पोचला, आणि मग आवाज निघाला. तोही अडखळत, तुटत. मामाने पुन्हा नेला. पुन्हा हात पुढे आणि आवाज मागे. त्याच्या कपाळावर मला लहानपणापासून ओळखीची असलेली आठी पडली. तो उठला, काठी टेकत आत गेला. मला वाटलं, संपलं, हेही चेंडूच्या वाटेने गेलं.

तो परतला तेव्हा त्याच्या खांद्याला हत्यारांची पिशवी होती. पाच महिन्यांत पहिल्यांदा. स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक कॉम्प्युटरच्या डब्याला लावलं, मूठ कानामागे टेकवली, डोळे मिटले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बरोबर." आणि बोटाने हवेत एक अडखळणारं चाक फिरवून दाखवलं.

पंखा. आतला पंखा अडकत होता, म्हणून यंत्र तापत होतं, आणि तापलेला कॉम्प्युटर स्वतःला वाचवायला हळू चालतो. मी दोन रविवार पडद्यात डोकं घालून बसले होते. मामाला डोळे मिटून वीस सेकंदं लागली.

पुढे त्याने जे केलं ते त्याच्या धंद्याच्या रीतीने. आधी प्लग काढला. मग पिशवीतून एक लाल पत्र्याचा बोर्ड काढला, वर तारेचा आकडा. 'काम चालू आहे. वीज सुरू करू नये.' खाली खडूने सही करायची जागा. तो बोर्ड त्याने प्लगच्या वायरीला अडकवला. मला हसू येत होतं. एवढ्याशा डब्याला एवढा थाट. पण मग त्याने डब्याचे स्क्रू डाव्या हाताने सैल केले, आणि बाजूचा पत्रा सुटून पडायला लागला तेव्हा टॉवेलखालून उजवा हात निघाला आणि त्याने पत्रा धरला. बोटं नीट मिटली नव्हती, तळव्यानेच दाबून धरला होता, पण धरला होता. मामीने ते दारातून पाहिलं आणि आत गेली. मी बोलले नाही, ही माझ्या आयुष्यातली मोठी कामगिरी समजावी.

आत वीतभर धूळ. पंखा काढून हातात घेतला तर दांडा झिजलेला. नवाच लागणार होता. मामा दमला होता, जाऊन आडवा झाला. बोर्ड तिथेच राहिला.

आता माझी अक्कल बघा. तीन दिवसांनी मला सुट्टी मिळाली. मी पंखा विकत घेतला, दुपारी मामाकडे आले. मामा झोपलेला. म्हटलं, उठेल तेव्हा तयार ठेवू, खूश होईल. पंखा बसवला, बोर्ड काढून शिवणाच्या टोपलीत टाकला, प्लग लावला. टिंगटाँग असं सरसर चाललं की मी स्वतःच पाच मिनिटं खेळत बसले.

त्या आवाजाने मामा उठून आला. आधी पडद्याकडे, मग वायरीकडे, मग टोपलीतल्या बोर्डाकडे त्याची नजर गेली. त्याचा चेहरा पांढरा पडला. "बरोबर!" तो ओरडला. "बरोबर! बरोबर!" त्याने प्लग उपटला. मला कुणी इतक्या रागाने कधी शिव्या दिल्या नाहीत, आणि त्या दिवशी दिल्या त्या सगळ्या एकाच शब्दात. तो आत गेला आणि उजवा हात पुन्हा टॉवेलखाली गेला.

"एवढं काय झालं?" मी मामीला विचारलं. माझाही पारा चढला होता. "एक पाटीच काढली ना मी?"

मामीने हातातलं काम बाजूला ठेवलं. "त्यांच्यात नियम आहे. बोर्ड ज्याने लावला त्यानेच काढायचा. दुसऱ्या कुणी नाही. मालकानेसुद्धा नाही."

"मला कसं ठाऊक असणार?"

"तुला नव्हतं. यांना होतं." ती म्हणाली. "बावीस वर्षांचे होते. उस्तादांच्या हाताखाली शिकत होते. उस्ताद खाली लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेले. यांना वाटलं काम संपलं, म्हणून यांनी बोर्ड काढला आणि वीज सुरू केली. मदत करायला गेले गं. उस्तादांचा पाय गुडघ्याखाली गेला."

आमच्या घरात हे कुणी कधी बोललं नव्हतं. मी टोपलीतून बोर्ड उचलला. फार जड लागला.

मग मी एकच करू शकत होते ते केलं. बोर्ड वायरीला परत अडकवला. बसवलेला पंखा पुन्हा काढला, त्याच्या खोक्यात घालून टेबलावर ठेवला. चार स्क्रू बशीत ठेवले. पत्रा भिंतीला टेकवला. सगळं जसं मामाने सोडलं होतं तसं. आणि घरी गेले.

मामीला रोज फोन करत होते. नऊ दिवस मामा त्या खोलीत फिरकला नाही. मधल्या मंगळवारी थेरपिस्ट बाई आल्या, हाताला मालिश करून गेल्या, जाताना मामीला म्हणाल्या की आता तीनच आठवडे आहेत. मी ग्रंथालयात बसून चुकीच्या कपाटांत चुकीची पुस्तकं लावत होते. मला खरंच वाटत होतं की त्या हाताचं जे काय होणार होतं ते मी होऊ दिलं नाही.

दहाव्या दिवशी मामीचा फोन आला. "ये. पण तोंड बंद ठेवून ये."

मी दारात उभी राहिले. मामा टेबलापाशी होता. पंखा बसवून झाला होता. डाव्या हातात स्क्रू ड्रायव्हर, उजव्याच्या तळव्याखाली पत्रा. शेवटचा स्क्रू आवळल्यावर त्याने ड्रायव्हर खाली ठेवला आणि बोर्ड काढायला उजवा हात पुढे केला. डावा मोकळा होता, तरी उजवाच. आकडा बोटांत येईना. एकदा निसटला, दोनदा निसटला. पाचव्या का सहाव्या खेपेला अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना भेटली आणि बोर्ड निघाला. मग त्याने मान वळवून मला बघितलं आणि प्लगकडे हनुवटी केली. वीज मी सुरू केली.

त्या दिवसापासून मामाचा उजवा हात रोज माऊसवर असायचा. मुलांचं खेळणं म्हणून त्याला कमीपणा वाटेल अशी मला भीती होती. त्याने त्याची लिफ्ट केली. एक गोळा तळाशी घ्यायचा आणि सरळ वर न्यायचा. तो म्हणायचा पूर्वी, लिफ्ट थांबली हे आतल्या माणसाला कळता कामा नये. हात थरथरला की आवाज थरथरायचा, हिसका बसला की आवाज उडी मारायचा. डोळ्यांना जे दिसलं नसतं ते त्याला ऐकू येत होतं. डोळे मिटून, मान तिरकी करून तो स्वतःचा हात ऐकत बसायचा, जसा आयुष्यभर मोटरी ऐकत आला. हात नापास केला की गोळा खाली आणून पुन्हा सुरू. दिवसातून किती वेळा ते मामीला विचारा. टिंगटाँगने तिचं डोकं उठलं होतं आणि तिने एकदाही बंद करायला सांगितलं नाही.

एकदा मी काहीतरी तावातावाने सांगत होते. मामाने पिवळा गोळा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात नेला. तिथे तो असा किंचाळतो की कुत्री भुंकतील. आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. पुन्हा नेला. पुन्हा किंचाळला. पाच महिन्यांनी मला टिटवी म्हणून हाक मारली होती त्याने. मी हसता हसता रडले आणि ते लपवलं नाही.

सहा महिने संपले त्या मंगळवारी थेरपिस्ट बाईंनी मोजमाप घेतलं. बोटं किती उघडतात, पकड किती, अंगठा कुठवर जातो. बाई सरळ मनाच्या होत्या. "सुरुवातीपेक्षा खूप आहे, काका," त्या म्हणाल्या. "पण पकड अजून निम्मीही नाही. आता यापुढे फार फरक पडेल असं मी सांगणार नाही. व्यायाम चालू ठेवा. मी आज फाइल बंद करते." आणि त्यांनी पेन काढलं.

मामा उठला. काठी टेकत टेबलाशी गेला, पिशवीतून लाल बोर्ड काढला आणि खडू काढला. खडू उजव्या हातात धरला, डाव्याने मनगट सांभाळलं, आणि सहीच्या जागेवर एक वाकडीतिकडी रेघ ओढली. कुणाला वाचता आली नसती ती. मग बोर्डाचा आकडा त्याने आपल्या उजव्या मनगटाला अडकवला आणि बाईंसमोर येऊन बसला.

"हे काय?" बाईंनी मला विचारलं.

मी त्यांना नियम सांगितला. लावला त्यानेच काढायचा, दुसऱ्या कुणी नाही. आवाज चढवला नाही, तरी पोचला. बाईंनी बोर्डावरचं 'काम चालू आहे' वाचलं. मग पेनला टोपण लावलं आणि फाइल पिशवीत ठेवली. म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी नेहमीच्या वेळेला येते."

"बरोबर," मामा म्हणाला.