दोन हजार ओळींचं आकाश

घराबाहेर पडताना नुआरा गॅस तीनदा तपासते, तरी कोपऱ्यावरून एकदा परत येतेच. अल्जीरियातल्या कसंतीना शहराच्या विद्यापीठात ती खगोलशास्त्र कितीतरी वर्षं हंगामी शिकवते आहे. दुर्बिणीला तिने कधी हात लावलेला नाही. कुठल्याशा दूरच्या डोंगरावरून टिपलेलं आकाश एका मोठ्या संगणकात साठवलेलं असतं. त्याला ती इथून लेखी प्रश्न पाठवते आणि ताऱ्यांच्या ओळी उत्तर म्हणून उतरतात.

“माझा नवरा एका प्रश्नाला धड उत्तर देत नाही,” शेजारच्या टेबलावरची वर्दिया म्हणायची, “आणि हिला बघा, आकाश उत्तर देतं.”

यंदा नुआराला ताऱ्यांच्या एका लांब प्रवाहात मोकळी पट्टी सापडली होती. जणू काहीतरी जड, न दिसणारं त्यातून आरपार गेलं असावं. विभागातले ज्येष्ठ प्राध्यापक, उस्ताद तय्येब, आज परिषदेत ती पट्टी दाखवणार होते, नुआराच्या नावासकट. तिला कायमची जागा द्यायची की नाही हे ठरवणारी समिती पहिल्याच रांगेत असणार होती.

सकाळी जीव थाऱ्यावर नव्हता म्हणून तिने जुनी उत्तरं उघडली. प्रवाहाचे तुकडे पाडून तिने प्रश्न विचारले होते. पट्टी होती त्याच मधल्या, सर्वांत दाट तुकड्याच्या तळाशी ओळींचा आकडा होता, नेमका दोन हजार.

नोंदणी न करता विचारणाऱ्याला तो संगणक तेवढ्याच ओळी देतो आणि पुढचं मुकाट्याने कापतो. हे ती स्वतः दरवर्षी फळ्यावर लिहायची. म्हणजे तारे संपले नव्हते, ओळी संपल्या होत्या. कदाचित.

तिने नोंदणी करून प्रश्न पुन्हा पाठवला. तो रांगेत लागला आणि इंटरनेट गेलं. बाकालोरियाचे, शालान्त परीक्षेचे दिवस. पेपर सुरू झाला की कॉपीच्या भीतीने देशभर जाळं बंद करतात, हे आज तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. आता दुपारशिवाय उत्तर नाही, आणि भाषण त्याआधी.

“गप्प बस,” वर्दिया हळूच म्हणाली. “पट्टी खरीही असेल.”

“आणि नसली तर?”

“तर दुपारी कळेल. तोवर जागा पक्की.”

नुआरा जिन्याने खाली गेली. उस्ताद टाय सारखा करत होते.

“उस्ताद, ती पट्टी दाखवू नका. मला खात्री नाही.”

“काल होती ना, पोरी?”

“काल मी तळाचा आकडा पाहिला नव्हता.”

सगळं ऐकून त्यांनी टाय सैल केला. मग म्हणाले, “हे मी नाही सांगणार. तुझं तू मंचावर येऊन सांग.”

तिने मंचावरून तळाचा आकडा सांगितला आणि पट्टी मागे घेतली. एका पाहुण्याने विचारलं, “मग पट्टी आहे की नाही?” ती म्हणाली, “माहीत नाही.” समितीतलं कुणीतरी शेजाऱ्याच्या कानाला लागलं. नंतर ती मंडळी तिच्याकडे न बघता जेवायला निघून गेली.

दुपारी इंटरनेट आलं. ओळी उतरत राहिल्या, दोन हजारांच्या खूप पुढे. पट्टीच्या जागी तारे होते, गच्च.

“वाचलीस गं बाई,” वर्दिया म्हणाली.

गेल्या सगळ्या वर्षांत विचारलेले प्रश्न नुआराला आठवत होते, आणि त्यांतल्या एकाही उत्तराचा तळ आठवत नव्हता. तिने सर्वांत जुनं उत्तर उघडलं आणि ती खाली खाली सरकत गेली.