बी गटाची मुलगी

गेल्या रविवारी सकाळी दोंडाईचात एका मुलीवर अन्याय झाला. पाहायला आलेल्या मंडळींनी पोहे खाल्ले, बायोडेटातला रक्तगट वाचला आणि निघताना सांगून टाकलं, "बी गटाच्या पोरी तापट असतात, घरात टिकत नाहीत." मुलीला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

दुपारी तीच मुलगी आमच्या रक्तदान शिबिरात आली, सकाळच्याच जांभळ्या साडीत. सोबत मावशी होती, तिनंच ही हकीकत सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगितली. मुलगी खाटेवर पडून हातातला रबरी चेंडू सावकाश दाबत होती. शेजारच्या खाटेवरचा धिप्पाड दुकानदार सुई पाहूनच घामाघूम झाला, तर ही त्याला म्हणते, "भाऊ, पंखाकडे देखा ना! सुईकडे कशाले देखतस?" तो हसला, तेवढ्यात सुई टोचूनही झाली. आणि म्हणे ही तापट!

मावशीला राहवेना. "पुढला टाइमले ए गट लिखी टाक, बाई!"

मुलगी पंख्याकडे बघतच बोलली, "दवाखानामा मन्हं रगत चालस, मावशी. घरमा मी नही चालत."

पिशवीवर 'बी' लिहिलं गेलं. ते हवंच, रुग्णाचा जीव त्यावर अवलंबून असतो. स्वभाव मात्र कुठल्याच रक्तात लिहिलेला नसतो.

हे त्या सकाळी पोहे खाणाऱ्यांपैकी कुणाला तरी ठाऊक असणारच. तो गप्प बसला. पुढच्या वेळी मुलगी पाहायला तुम्ही जाल, तेव्हा गप्प बसू नका. बशी खाली ठेवा आणि आधी त्या मुलीशी बोला.