धोंडूबाईची पलीकडची भरतं

धोंडूबाई कलगोंडा पाटील खोटं बोलत असे, आणि फार सुरेख बोलत असे. वेदगंगेत तिनं मगर पाहिली होती आणि त्या मगरीच्या नाकात नथ होती. निपाणीच्या बाजारात एका माणसानं तिला शिंकणारा नारळ दाखवला होता. तिच्या खोट्यानं कुणाचं कधी काही बिघडलं नाही. उलट भांगलणीला बायका तिच्या शेजारची ओळ धरायला धावत यायच्या. धोंडाक्का बोलत असली की पाठ दुखत नाही, असं त्या म्हणत. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा कलगोंडा स्वभावानं चांगला पण अबोल. तिच्या वाट्याला बोलणं तेवढं भरभरून आलं होतं आणि ते ती सढळ हातानं वाटत होती.

सत्तावीस साली गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास झाला. बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, रोज प्रवचन असे आणि ऐकणारे आपापल्या परीनं नियम घेत. कुणी पालेभाजी सोडली, कुणी वांगं. धोंडूबाईची थोरली जाऊ नागुबाई, विधवा बाई, ती उठली आणि तिनं जन्माचा गूळ सोडला. सगळ्या बायांनी हात जोडले. धोंडूबाईला ते काही बघवेना. ती तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "महाराज, मी जन्मभर खोटं बोलणार न्हाय."

बस्तीत वरच्या कबुतरानंसुद्धा घुमायचं थांबवलं.

"विचार केलास का, बाई?" महाराजांनी विचारलं.

"केला, महाराज."

तिचं शेवटचं खोटं ते, असं गावात पुढं कित्येक वर्षं म्हणत.

घरी जाताना कलगोंडा सबंध वाटेत एकच वाक्य बोलला. "आता घरात आयकायचं काय?"

पहिले काही दिवस फार वाईट गेले. भांगलणीला ती बसे आणि खरं बोले. पाऊस बरा हाय. शेंगेला तण लई झालंय. बायका एकमेकींकडं बघत. "धोंडाक्का, अंगात कणकण हाय काय तुमच्या?" एकीनं विचारलंच. दुसऱ्या दिवसापासून तिच्या शेजारची ओळ मोकळी राहू लागली. नागुबाई बिनगुळाचा चहा पिऊनसुद्धा खुशीत होती, आणि व्रत मोडायचं तर धोंडूबाईच्या मनातही येत नव्हतं. महाराजांसमोर दिलेला शब्द तो.

सुटका झाली ती शास्त्रवाचनात. बस्तीच्या भिंतीवर अढाईद्वीपाचं जुनं चित्र होतं, गोलात गोल काढलेलं. आण्णाप्पा उपाध्ये हातात काठी घेऊन ते समजावून देत होते. मधोमध आपलं जंबुद्वीप, त्यात दक्षिणेला आपलं भरतक्षेत्र. भोवती लवणसमुद्र. त्याच्या पलीकडं धातकीखंड, तिथं आणखी दोन भरतं. त्याच्याही पलीकडं कालोदधी समुद्र, मग पुष्करार्ध, तिथं आणखी दोन. सगळी मिळून पाच भरतं, आणि पाचांतही आपल्यासारखीच माणसं, आपल्यासारखीच कर्मं.

धोंडूबाई हे लहानपणापासून ऐकत आलेली. पण त्या दिवशी तिच्या कानात ते निराळंच शिरलं.

"उपाध्ये, त्या भरतात निपाणी आसंल का वो?"

उपाध्यांनी काठी खाली घेतली. "शास्त्रात तसं लिहिलेलं नाही."

"न्हाय आसं लिवलंय का?"

उपाध्यांनी काठी पुन्हा उचलून सगळे गोल तपासले. "तसंही लिहिलेलं नाही."

झालं. दुसऱ्या दिवशी भांगलणीला धोंडूबाईनं पदर खोचला आणि सुरुवात केली, "धातकीखंडात एक निपाणी आसंल. आता मी काय बघितलेली न्हाय, पर तिथं आसं आसंल बघा..."

'आसंल' या एका शब्दावर तिचं व्रत शाबूत राहिलं आणि शेजारची ओळ पुन्हा भरली.

त्या साली माघात तंबाखू निवडायला बसेपर्यंत तिच्याजवळ भरतांची रासच जमली होती. एका भरतात माणसं शेतावर जाताना सावली घरी ठेवून जात, आणि सासवा दिवसभर त्या सावल्यांना कामं सांगत. एका भरतात बोललेलं सगळं जमिनीवर पडे. सकाळी सुनांना कालचं बोलणं झाडून काढावं लागे, आणि पाटलाच्या वाड्यावरून शिव्यांच्या पाट्याच्या पाट्या निघत. एकात नवरे सासरी जात आणि वेशीपर्यंत रडत. ते ऐकून कलगोंडासुद्धा हसला. एकात बाजाराला कुणी जात नसे, बाजारच गावोगाव चालत येई, आणि दर गुरुवारी बेळगावचा कँप, सगळी लष्करी छावणी, उठून पाय धुवायला वेदगंगेवर येई. आणि एका भरतात तंबाखूची झाडं संध्याकाळी बांधावर बसून माणसं ओढत.

"अगं बाई! पेटवून?" भाऊबंदातली एक म्हातारी दचकली.

"पेटवून कशाला? हिंसा हुईल की. नुसता वास घेत्यात आन् परत ठेवत्यात. चिक्कोडीचा माणूस कडक, निपाणीचा मऊ."

निवडताना तंबाखूचे तीन ढीग होतात: पाला, काडी आणि भुकटी. बायकांनी भरतंही तशीच लावायची ठरवली. जिथं जाऊन राहावंसं वाटेल ते पाल्यात. नुसतं बघून यावं ते काडीत. ऐकून शिंक यावी ते भुकटीत. सावलीचं भरत पाल्यात जावं की भुकटीत, यावरून सासवा-सुनांची दोन दिवस भांडणं चालली. निकाल लागला की धोंडूबाई त्या भरताचं म्हणून एक पान वळून दोऱ्यानं बांधे आणि पडवीच्या आढ्याला टांगे. कुठलं पान कुठलं, ते तिला नुसत्या वळणावरून कळे. एकदा उंदरांनी एक पान खाल्लं, तेव्हा ती हळहळली. "चांगलं सुधारत आलतं बिचारं."

आण्णाप्पा उपाध्ये पडवीत आले होते तेव्हा वर बघून म्हणाले, "धोंडूबाई, शास्त्रात पाचच भरतं आहेत. ही एवढी कुठली?"

"एकेका भरतात गावं काय थोडी हायत, उपाध्ये? मी चुकून शेजारच्या गावात शिरत आसंन."

उपाध्ये हसले आणि त्यांनी तंबाखूच्या भरताचं पान कुठलं, ते विचारून घेतलं.

चैत्रात भरमाप्पा दलाल तंबाखूचं वजन करायला आला. काट्याला गठ्ठा लावला की भरमाप्पाचा गुडघा हळूच गठ्ठ्याखाली जाई आणि वजन हलकं भरे. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण दलालाला बोलायचं कुणी? नागुबाईची मुलगी पद्मावती तिथं उभी होती. बापाच्या माघारी चुलत्याच्या घरात वाढलेली, अठराव्या वर्षात आलेली.

"मामा, गुडघा काढा," ती म्हणाली.

भरमाप्पानं ऐकलं नाही. ती पुन्हा म्हणाली. तो म्हणाला, "पोरीबाळींनी काट्यात बोलू न्हाय."

"मामा, शेवटचं सांगते."

मग तिनं त्याला ढकललं. मागं उकिरडा होता. भरमाप्पा कंबरेइतका आत बसला, आणि त्याचा फेटा आणखी थोडा पुढं जाऊन बसला.

हे पाहिलं दोघी जावांनी आणि म्हशी राखणाऱ्या मष्णूनं. भरमाप्पा स्वतः सांगणं शक्य नव्हतं. पण मष्णूच्या पोटात काही राहत नसे. अठराव्या वर्षी पोरगी घरात, आणि दलालाला उकिरड्यात ढकलते, हे गावोगाव झालं तर तिला मागणी कोण घालणार? नागुबाई रडायला लागली. धोंडूबाई म्हणाली, "आक्का, गप. मी बघते."

दुसऱ्याच दिवशी तिनं सांगितलं, की पश्चिम धातकीखंडात एक पद्मावती आहे, अगदी आपल्या पद्मावतीसारखी, आणि तिनं तिकडच्या दलालाला उकिरड्यात ढकललं. फेट्यापर्यंत सगळं तंतोतंत सांगितलं. बायका हसून हसून आडव्या झाल्या. मष्णू मग पारावर शपथेवर सांगू लागला, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं. "आरं, त्ये हिथलं न्हवं मष्ण्या, तिकडलं!" नागुबाईनं जावेच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तसा हात तिनं लग्नापासून कधी फिरवला नव्हता.

भाद्रपदात पद्मावतीला चिक्कोडीहून स्थळ आलं. मुलगा धरणेंद्र, शाळेत मास्तर. त्याला तिनं निपाणीच्या बस्तीत पाहिलं होतं, आणि त्यानंही तिला. स्थळाची बातमी आली त्या दिवशी तिनं एकच जोंधळा दोनदा दळला. ते बघून धोंडूबाईला काय ते कळलं. पोर तिच्याच मांडीवर वाढली होती.

मुलाची आई जिनव्वा बघायला येणार होती. येण्याआधी तिनं निरोप धाडला: घरात सत्यव्रत घेतलेली बाई हाय म्हणत्यात, तिला मी चार गोष्टी इचारणार.

घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. "धोंडे, एवढ्या येळंला तिकडलंच म्हण," नागुबाई म्हणाली. कलगोंडानं तोड काढली. "मौन घे." धोंडूबाईनं सकाळी मौन घेतलंही. पण दूध घालायला आलेली गवळण तिला गप्प बघून ओरडत सुटली की धोंडाक्काची वाचा गेली, आणि अर्धी गल्ली दारात आली. तेव्हा मौन सोडावं लागलं.

जिनव्वा आली. उंच, काळीसावळी, निम्मं कानडी बोलणारी. पाणी पिऊन झाल्यावर तिनं मुलगी बघायला मागितली नाही. "पयल्यांदा म्हस दावा," ती म्हणाली.

"म्हस?" कलगोंडाला कळेना.

"भरमाप्पा दलाल माझा सख्खा भाऊ. चैत्रात घरी आला त्यो शेणानं माखलेला. पाटलाच्या म्हशीनं ढोसलं म्हणाला. मला ती म्हस बघायची हाय."

सगळे गोठ्यात गेले. म्हैस म्हातारी होती. तिच्या नाकावर माशी बसली होती, आणि ती उडवावी की नाही याचा विचार ती करत होती.

"अय्य, ही?" जिनव्वा म्हणाली. पडवीत परत येऊन बसल्यावर दुधाचा पेला पुढं आला, तो बाजूला ठेवून तिनं धोंडूबाईकडं तोंड केलं. "तुम्ही सांगा, बाई."

धोंडूबाईनं घसा साफ केला. "पश्चिम धातकीखंडात एक..."

"त्ये चिक्कोडीपतोर आलंय. झ्याक हाय. तिकडचं ऱ्हाऊ द्या. ह्या भरतात काय झालं?"

दाराआड पद्मावती उभी होती. तिनं एका हातानं चौकट घट्ट धरली होती. नागुबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, तोंडानं णमोकार मंत्र चालला होता.

धोंडूबाईला तेव्हा एक गोष्ट उमगली. सावल्यांच्या भरतापासून तंबाखूच्या झाडांपर्यंत तिनं जे जे सांगितलं, ते कुठंतरी असेलही, नसेलही. व्रत घेतल्यावर ते तसंच सांगितलं होतं, 'आसंल' म्हणून. पण उकिरड्याची गोष्ट सांगताना 'आसंल' म्हटलं नव्हतं. ती गोष्ट खरी होती, हिथली होती, आणि तिनं ती उचलून दुसऱ्याच्या अंगणात टाकली होती. व्रत घेतल्यापासूनचं तिचं खोटं ते एकच.

"म्हशीवर घेऊ नगा," ती म्हणाली. "म्हस निर्दोष हाय. आमच्या पोरीनं ढकललं. तुमच्या भावाचा गुडघा गठ्ठ्याखाली हुता. तिनं त्याला काढा म्हणून सांगितलं, त्यानं काढला न्हाय. तिकडची पद्मावती मी रचली. पोर गुणाची हाय, पर हे आसं हाय."

नागुबाईचा णमोकार थांबला.

जिनव्वानं दाराकडं बघून हाक मारली. "पोरी, भायेर ये. ढकललंस ते सांगून का न सांगता?"

"तीनदा सांगितलं," पद्मावती म्हणाली. तिची मान वर होती. "मग ढकललं. उकिरडा हाय ते मला ठावं न्हवतं."

"ठावं आसतं तर?"

पद्मावतीनं काकीकडं बघितलं. "तर... जरा डाव्या अंगाला ढकललं असतं. तिकडं निखळ शेण हाय."

जिनव्वाच्या ओठाची एक कड हलली. पण ती हसली नाही. पदर सारखा करून उठली. "भरमा लहानपणी शेंगा वाटून घ्यायचा तवाबी गुडघा मधी घालायचा. मला ठावं हाय. पर भाऊ हाय त्यो माझा, आन् लग्नात मामा म्हणून त्योच उभा ऱ्हाणार. क्षमावणीला मी त्याला हिथं आणते. त्यानं गुडघ्याची क्षमा मागावी, हिनं ढकलल्याची मागावी. झालं तर पुढचं बोलू. न्हाय झालं तर तुमचं दूध पिऊन मी कशाला मिंधी हू?" आणि दुधाचा पेला तसाच ठेवून ती गेली.

नागुबाई त्या दिवसापासून जावेशी बोलली नाही. धोंडूबाईनंही पडवीत कुठलंच भरत काढलं नाही. क्षमावणीआधीचे दशलक्षण पर्वाचे दहा दिवस तिनं एकवेळ जेवून काढले, आणि वरची पानं वाऱ्यानं एकमेकांवर घासत राहिली.

क्षमावणीला सारा गाव बस्तीच्या अंगणात जमला. वर्षभराचं उणंदुणं सोडून जो तो दुसऱ्यासमोर हात जोडत होता. जिनव्वा आली. मागून भरमाप्पा आला, नवा फेटा बांधून, खाली बघत. पद्मावती पुढं झाली, वाकली. "मामा, उत्तम क्षमा. मी ढकललं तुम्हांला."

भरमाप्पा फेटा चाचपत राहिला. जिनव्वा खोकली.

"क्षमा, पोरी," तो शेवटी म्हणाला. "त्ये... गुडघ्याचंबी." मग चहूकडं बघून जरा मोठ्यानं, "आन् म्हशीचंबी. उगं तिचं नाव घेतलं मी."

अंगणात हशा उठला आणि भरमाप्पाही त्यात आला. जिनव्वानं पद्मावतीच्या डोक्यावर हात ठेवला. "मास्तर लई मऊ हाय गं माझा," ती म्हणाली. "त्याला ढकलू नगंस." पद्मावतीनं मान हलवली. नागुबाईनं तिथंच जावेचा हात धरला. कोण कुणाची क्षमा मागत होतं ते दोघींना शेवटपर्यंत समजलं नाही.

सगळं आटोपल्यावर धोंडूबाई आण्णाप्पा उपाध्यांपाशी गेली. "उपाध्ये, पश्चिम धातकीखंडातलं भरत हिथनं कुठल्या अंगाला?"

उपाध्ये आत जाऊन चित्र बघून आले. "दक्षिणेला. मग जरासं पश्चिमेला."

धोंडूबाई तिकडं तोंड करून उभी राहिली. पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले. "बाई पद्मावती," ती म्हणाली, "आसलीस तर आयक. तू कुणाला ढकललं न्हाईस. मी तुझ्यावर आळ घेतला. क्षमा कर."

पोरं हसायला लागली. पण उपाध्यांनी हात जोडले, मग जिनव्वानं, आणि हळूहळू अंगणातली सगळी माणसं दक्षिणेकडं तोंड करून उभी राहिली.

पद्मावती काकीच्या कानाशी लागली. "काकी, केली का गं तिनं क्षमा?"

"दम धर की," धोंडूबाई म्हणाली. "मधी लवणसमुद्र हाय. दोन लाख योजनं. पोचायला येळ लागंल."